एकतिसावी कॅसेट

३ तारीख, मंगळवार

काम मिळालं! बावन्न कॅसेटी ऐकायच्या आणि टाईप करायच्या, अठ्ठावीस तारखेच्या आत. पासाच्या कायद्याविरुद्धच्या लढ्याला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून संस्था मोठं पुस्तक काढते आहे. तेव्हा खालच्या वस्तीतल्या माणसाला दिवे लागल्यावर पूल ओलांडून वर यायला पास लागायचा. लोकांनी महिनाभर रोज बिनपासाचा पूल ओलांडला, मार खाल्ला, आणि कायदा गेला. त्यानंतर दोन वर्षांनी एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन घरोघर फिरले आणि ज्याने त्याने जे सांगितलं ते भरून ठेवलं. ते गृहस्थ गेले, सांगणारेही बहुतेक गेले, कॅसेटी तेवढ्या राहिल्या.

नियम साधा आहे. ऐकू येईल तेच लिहायचं. ऐकू न येईल तिथे कंसात 'शांतता' किंवा 'अस्पष्ट'. मला इतरांच्या तोंडात शब्द घालायची सवय आहे असं आमचे हे म्हणतात, पण ते जहाजावर स्वयंपाकी आहेत आणि सहा महिने घरी नसतात, तेव्हा त्यांचं कोण ऐकतंय.

मामंजींना पाटीवर लिहून कामाबद्दल सांगितलं. माझे हे सासरे एकोणऐंशी वर्षांचे, जन्मापासून बहिरे, छापखान्यात खिळे जुळवण्यात हयात गेली. वीस वर्षं एका घरात राहून माझ्याजवळ त्यांच्याशी बोलायला चाळीसेक खुणा आहेत, त्यातल्या निम्म्या खाण्यापिण्याच्या. बाकी पाटी. पण त्यांना लिहायचा कंटाळा. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवली. माझी हातात.'

आज मात्र पाटी हिसकावूनच घेतली. 'मी आहे त्यात. माझी मुलाखत झाली. सातजण छापखान्याचे. कोणतं पान?'

मी लिहिलं, पान अजून ठरायचंय. ते हसले. मग कपाटातला कोट काढून उन्हात टाकला. प्रकाशनाला घालायला म्हणे. अजून पुस्तक छापायलाही गेलेलं नाही!

६ तारीख, शुक्रवार

नऊ कॅसेटी झाल्या. पाठीचा काटा ढिला झाला.

सगळे तेच ते सांगतात. नावाडी सांगतो, गिरणीवाला सांगतो, घरकाम करणारी बाई सांगते, की शेवटच्या दिवशी पोलीस मागून आले, 'थांबा, मागे वळा' म्हणून ओरडले, आणि शेवटची रांग काही हलली नाही. ती हलली नाही म्हणून पुढचे पुलाच्या पलीकडे पोहोचले. कोण होते ते? 'काय माहीत बुवा. खमके होते.' हे वाक्य मी चौथ्यांदा टाईप केलं. आता ते माझी बोटं आपोआपच टाईप करतात.

मामंजी समोर खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या कानांतल्या इअरफोनच्या बोंडांकडे बघतात. आज त्यांचा छापखान्यातला मित्र आला होता. सातांतले हे दोघेच उरलेत. दोघांचे हात असे चालले होते की मध्ये ठेवलेला चहा निवून गेला. माझा उल्लेख आला की दोघंही दोन्ही कानांत बोटं खुपसून हसतात. म्हणजे त्यांच्यात माझं नाव 'कानात बोळे' असं दिसतंय. बहिऱ्यांनी मला हे नाव ठेवावं!

वन्संनी नेहमीप्रमाणे मामंजींची औषधं खाली दुकानात ठेवून दिली आणि फोन केला. चार रस्ते पलीकडे राहतात, शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, पण जिना चढून वर यायचं नाही. आल्या तरी दाराशी उभ्या, वडिलांच्या डोळ्यांना डोळा देत नाहीत. सासूबाईंचं शिलाई मशीन मी ठेवून घेतलं त्याचा राग अजून गेलेला नाही, दुसरं काय. लोखंडाच्या एका मशीनसाठी माणसाने बापाला अंतर द्यावं!

९ तारीख, सोमवार

मामंजींनी नाकी नऊ आणले म्हणून मधल्या सगळ्या सोडून आज त्यांची कॅसेट काढली. एकतिसावी. वर लिहिलंय, 'छापखाना, मुके खिळेवाले.'

ते गृहस्थ विचारतात, "बाळ, बाबांना विचार, त्या महिन्यात ते पुलावर गेले होते का?"

मग चार मिनिटं कुणी बोलत नाही. पण शांतता म्हणावी तर तीही नाही. तळहातावर तळहात आपटतो. छातीवर थाप पडते. टेबलावर मूठ. बाही घासल्याचा आवाज, आणि घशातून निघणारा तो आवाज, जो मी रोज ऐकते आणि ज्याच्यामुळे लग्नानंतरचे आठ दिवस मी दचकत होते. मामंजी चार मिनिटं न थांबता सांगताहेत.

मग एक लहान मुलगी नाक ओढते आणि म्हणते, "बाबा म्हणतात, आम्ही नव्हतो."

"एवढंच? मग इतका वेळ काय सांगत होते?"

"तेच. नव्हतो म्हणून. आम्हाला ऐकूच येत नाही, आम्हाला त्यातलं काय कळणार, असं म्हणतात."

"खरंय बिचाऱ्यांचं," असं म्हणून ते गृहस्थ बटण दाबतात.

बोलण्याआधी नाक ओढायची सवय वन्संची अजून आहे. समोर मामंजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, शाळेच्या निकालाला बसावं तसे. भुवया उडवून विचारलं, आलं?

मी खूण केली, ही ती नव्हे. वीस वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही त्यांच्याच भाषेत.

११ तारीख, बुधवार

संस्थेत गेले. संपादक बाई प्राध्यापिका आहेत, निवृत्त, कडक, पण मनाने वाईट नाहीत. टेबलावर प्रकरणांची यादी होती. गिरणीवाले, घरकामवाल्या, नावाडी, विद्यार्थी, शिक्षक, फेरीवाले.

मी म्हटलं, "छापखान्यातले बहिरे कामगार?"

"ताई, ते स्वतःच म्हणालेत की आम्ही नव्हतो. एकतिसावी कॅसेट. तेव्हाच्या नोंदीतही तसंच आहे. मी कुणाला ओढून आणू का लढ्यात?"

"ते चार मिनिटं सांगत होते, बाई. चार मिनिटांत 'नव्हतो' एवढंच सांगतं का कुणी?"

बाईंनी चष्मा काढला. "सगळ्यांनाच आत घ्यायचं म्हटलं तर लढा कुणाचा होता हेच राहणार नाही. मागच्या महिन्यात एक दुकानदार आला होता. त्याचे वडील खिडकीतून बघत होते म्हणून त्यांचाही फोटो हवा! आणि रागावू नका, बहिऱ्यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतोच. पण तो सोयींचा प्रश्न आहे. हा हक्कांचा."

उत्तरं सगळी जिना उतरल्यावर सुचली, नेहमीसारखी. निघण्याआधी एवढं मात्र कबूल करून घेतलं की तेवीस तारखेपर्यंत मी काही आणून दिलं तर त्या बघतील.

वन्संचं नाव मी घेतलं नाही. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला.

१४ तारीख, शनिवार

एकतिसावी नऊ वेळा ऐकली. कानात प्राण आणून ऐकली, पण ऐकून उपयोग काय, ते सगळं बघायचं होतं.

मामंजी रोज विचारतात. मी रोज सांगते, उद्या. आज त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मी मेल्यावर छापणार का?' आणि हसले. मला हसू आलं नाही.

शेवटी वन्संना फोन केला. "वन्सं, एकतिसावी कॅसेट ऐकली मी," एवढंच म्हटलं, तर पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, अवघडल्या असतील, म्हणून मी म्हटलं, "आणि ते मशीन घेऊन जा हवं तर. माझं काही म्हणणं नाही." त्यांनी फोन ठेवला. आता मी आणखी काय द्यायचं राहिलंय?

१५ तारीख, रविवार

वन्सं सकाळीच आल्या. मामंजी मित्राकडे गेलेले बघून आल्या असाव्यात. म्हणाल्या, "लाव."

मी कॅसेट लावली. मुख्याध्यापिका बाई, अख्खी शाळा यांना थरथर कापते, त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पदर तोंडाशी धरून बसल्या. टेपवर थापा पडत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मला कळलं, त्यांना ते आवाज समजताहेत. कुठल्या थापेला कुठला शब्द, ते त्यांना अजून पाठ आहे.

"मी अकरा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आईने बजावलं होतं, बाहेरच्या माणसाला काही सांगायचं नाही, बाबांची नोकरी जाईल. मी सगळ्यांना, स्वतःलासुद्धा, हेच सांगत आले की मला भीती वाटली. पण भीती नव्हती गं."

"मग?"

"लाज वाटली. ते गृहस्थ माझ्या वर्गातल्या मुलीचे काका, आम्हाला त्यांनी त्यांच्या घरी बोलावलं होतं. तीपण तिथे होती, सतरंजीवर. बाबा असे घशातून आवाज काढत होते, तोंड वेडंवाकडं करत होते, आणि ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त ते लवकर संपायला हवं होतं. 'नव्हतो' म्हटलं की संपणार होतं."

"आणि मामंजींना?"

"त्यांना वाटलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी मला खांद्यावर बसवून घरी आणलं. एवढ्यात कसं झालं, असं विचारलं, तर मी सांगितलं की बोलण्यात सगळं लवकर आटोपतं. त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना काय माहीत बोलायला किती वेळ लागतो?" नाक ओढून त्या म्हणाल्या, "मला ते कुठल्या नावाने हाक मारतात, माहितेय? हे असं." ओठांवर बोट ठेवून त्यांनी ते पुढे नेलं. "माझा आवाज."

मी म्हटलं, मला वाटलं मशीन.

"मशीनचं काय घेऊन बसलीस!" म्हणून त्या हसल्या आणि हसता हसताच रडल्या. मीही रडले. मग चहा टाकला.

चहा घेताना ठरलं की मामंजींना त्याच सांगणार. मीच आग्रह धरला. संस्थेतल्या बाईंना नुसतं माझ्याकडून कळून भागणार नाही, मामंजींनी पुन्हा सांगायला हवं, आणि पुन्हा का, हे त्यांना कळल्याशिवाय ते कसे सांगतील? वन्सं 'हो' म्हणाल्या. नंतर दोनदा 'पण' म्हणाल्या.

१७ तारीख, मंगळवार

सांगितलं.

वन्सं त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मी पाहिलेली त्यांची ती पहिलीच लांबलचक बोलणी. हात कसे चालत होते! इतकी वर्षं दाराशी उभं राहून दोन खुणा करून जायच्या, आणि ही सगळी भाषा आत दाबलेली. 'नव्हतो' ही खूण मला समजली. 'लाज' ही समजली, ती कुणालाही समजेल.

मामंजींनी शेवटपर्यंत पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

मला आधी वाटलं, चक्कर आली. तसं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले म्हणजे आता त्यांच्याशी जगातलं कुणी काही बोलू शकत नाही. ऐकू येणाऱ्याने डोळे मिटले तर आपण ओरडू शकतो, दार वाजवू शकतो. त्यांच्यासमोर वन्सं हात हलवत राहिल्या, हवेत, कुणासाठीच नाही. मग उठून गेल्या.

१८ तारीख, बुधवार

डोळे मिटलेलेच. चाचपत उठतात, भिंतीला धरून मोरीपर्यंत जातात. चहा डोळे मिटून प्यायले आणि जीभ पोळली. मी खांद्यावर हात ठेवला तर तो अलगद काढून ठेवला.

वन्सं संध्याकाळी आल्या, समोर तासभर बसल्या, गेल्या. रागावून बोललेलं परवडलं.

हे सगळं माझ्यामुळे. कोट वाळत पडला होता, पुस्तक येईपर्यंत म्हातारा आनंदात होता. सत्य सत्य म्हणून मी नाक खुपसलं. पण पुस्तक आल्यावर ते पान शोधत बसले असते त्याचं काय? दोन्हीकडून मीच तोंडावर पडते.

२० तारीख, शुक्रवार

आज सकाळी डोळे उघडले. मी भाजी चिरत होते, तर मागून पाटी टेबलावर आपटली. 'तिला बोलव. टेप आण. पुन्हा सांगतो. सगळं. मध्ये थांबायचं नाही.'

वन्सं शाळा अर्ध्यावर टाकून धावत आल्या. दारात उभ्या राहिल्या. मामंजींनी ओठांवर बोट ठेवून पुढे नेलं. वन्संनी दाराची चौकट धरली.

सोमवारी, तेवीसला, टेप करायचं ठरलं. मध्ये शनिवार-रविवार आहे. वन्सं मला खुणा शिकवणार आहेत. मीच म्हटलं, शिकवा, वीस वर्षं 'मीठ कमी' यावर काढली.

२१ तारीख, शनिवार

एक गोष्ट लक्षात आली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. वन्सं सहज म्हणाल्या, "बाबा शेवटच्या रांगेत होते ना." मी टाईप केलेले कागद काढले. शेवटची रांग हलली नाही असं सांगणाऱ्या कॅसेटी अकरा निघाल्या. अकरा! मीच टाईप केल्या, माझ्याच बोटांनी, समोर मामंजी बसलेले असताना. ऐकू येणाऱ्यांबद्दल आता मी काही बोलणार नाही.

अकरा पानं वेगळी काढून बाईंना पोहोचवली. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सोमवारी मी स्वतः येते."

२३ तारीख, सोमवार

बाई बरोबर दहाला आल्या. मामंजी कोट घालून बसले होते. त्यांचा मित्रही आला. वन्सं वडिलांच्या शेजारी, मी टेपजवळ.

वन्संनी हातांनीही दाखवत सुरुवात केली, "बाबा म्हणतात..." मामंजींनी त्यांच्याकडे बघून 'नाही' अशी मान हलवली, हात छातीवर आपटला. वन्संनी नाक ओढलं आणि पुन्हा सुरुवात केली. "मी."

मी कॅसेटवरून लिहितेच आहे, इथे थोडंसंच.

"मी रात्रपाळीहून घरी जायचो. पोलीस मागून ओरडायचे, पास दाखव. मला ऐकू यायचं नाही. मी चालत राहायचो आणि पाठीत काठी बसायची. खिशात पास असायचा. पास असून मार खाणारे आम्हीच. म्हणून आम्ही सातजण ठरवून गेलो. कुणी नेलं नाही आम्हाला. आम्ही म्हटलं, शेवटची रांग आमची. मागून हाक आली की ऐकणारा माणूस वळतो, त्याचा इलाज नाही. आम्ही वळणार नव्हतो. जन्मभर ज्यासाठी मार खाल्ला, ते त्या दिवशी उपयोगी पडलं."

मित्राने टेबलावर थाप मारली, म्हणजे बरोबर.

"त्यांनी पकडलं तेव्हा आम्ही एकमेकांशी हातांनी बोलत होतो. त्यांना वाटलं, आम्ही वेडावतोय. मग त्यांनी हातांवर मारलं. माझी ही दोन बोटं. ऐकणाऱ्याचं तोंड दाबतात. आमची बोटं मोडली." मग वन्सं आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हे बाबांचं नाही, माझं. तेव्हापासून त्यांचं बोलणं तोतरं आहे. नवख्याला पटकन कळत नाही."

ती वाकडी बोटं मला छापखान्यातल्या कामाची वाटायची.

बाईंनी विचारलं, "त्यांना विचारा, हा सोयींचा प्रश्न होता, असं कुणी म्हटलं तर?" माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या तेव्हा आवडल्या.

उत्तर चटकन आलं. "काठीने सोय विचारली नाही."

चाळीस मिनिटं झाली. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, सातवं प्रकरण होईल, अठ्ठावीसला छापखान्यात जाईल. वन्संनी ते हातांनी सांगितलं. म्हातारे दोघं एकमेकांकडे बघत राहिले, हात मांडीवर तसेच.

मग बाई अवघडून म्हणाल्या, "एक राहिलं. जुनी कॅसेट संस्थेतच राहणार. उद्या कुणीतरी ती ऐकेल आणि म्हणेल, हे तर नव्हतो म्हणाले होते. तळटीप द्यावी लागेल. तेव्हा चुकीचं का नोंदलं गेलं?"

"लिहा," वन्सं म्हणाल्या, आणि तोंडाने बोलताना त्यांचे हातही चालू होते, वडिलांना कळावं म्हणून. "मुलीने खोटं सांगितलं. ती मुलगी मी. माझा हुद्दा, शाळा, सगळं घाला."

मामंजींनी त्यांची दोन्ही मनगटं धरली. हात धरले म्हणजे तोंडच धरलं. मग सोडली, आणि बाईंकडे वळून अगदी सावकाश, मोडकी बोटं जमतील तेवढी सरळ करून, काहीतरी सांगितलं.

वन्संनी नाक ओढलं. तोंड उघडलं. शब्द येईना.

बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा मामंजींकडे बघत होत्या. "काय म्हणाले?"

आणि मग माझ्या लक्षात आलं की मला समजलंय. एकेक खूण.

"ते म्हणतात," मी म्हटलं, आणि चूक सुधारून पुन्हा सुरुवात केली. "त्या दिवशी आमच्याजवळ दुभाषा नव्हता. फक्त एक लहान मूल होतं."

बाईंनी वही पुन्हा उघडली आणि तेवढंच लिहून घेतलं.